जावयाचं आडनाव तिलिआंडर : कुठून आलं, किती जणांचं आहे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगी गोथेनबर्गला, जावई स्वीडिश, आडनाव तिलिआंडर. त्यांच्या घरात आजोबांपासून सांगत आलेत की ‘आम्ही लिनिअसच्या (वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या प्रसिद्ध स्वीडिश शास्त्रज्ञाच्या) वंशातले.’ हे खरं का, हे नाव आलं कुठून, स्वीडनमध्ये या नावाची माणसं किती, आणि येणाऱ्या नातवंडाला कोणतं आडनाव लावता येईल, असं तुम्ही विचारलंय.

स्वीडिश चर्चच्या जुन्या वह्या वाचून लोकांच्या वंशावळी लावून देणं हा माझा एकवीस वर्षांचा धंदा आहे. त्यामुळे एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाव दुर्मिळ आहे, तेव्हा ते लावणारे सगळे एकाच घरातले, असं धरून चालू नका. आमच्या कामात सर्वांत जास्त चुका याच समजुतीने होतात. त्यातली एक माझ्याही खात्यावर आहे, ती पुढे येईलच.

सतराव्या शतकात स्वीडनमधल्या शेतकऱ्याला आडनाव नसे. बाप इंगमार, तर मुलगा इंगमार्सॉन आणि मुलगी इंगमार्सदोत्तर. पुढच्या पिढीत बापाचं नाव बदललं की हेही बदलायचं. लग्नानंतरही बाई बापाच्याच नावाने ओळखली जाई. गावात यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. अडायचं ते एखाद्या शेतकऱ्याचा पोरगा पाद्री व्हायला लुंड किंवा उप्सालाच्या विद्यापीठात निघाला की. तिथे नोंद लॅटिनमध्ये, सोबती पाद्र्यांची आणि व्यापाऱ्यांची मुलं. नुसतं ‘इंगमारचा मुलगा’ म्हणून कसं चालेल? मग तो आपल्या शेताचं, गावाचं किंवा नदीचं नाव घ्यायचा आणि त्याला लॅटिन नाहीतर ग्रीक शेपूट लावायचा. हेल्सिंगलँडमधल्या ‘टेकाड’ अशा अर्थाच्या एका शेताचं नाव लॅटिनमध्ये जाऊन सेल्सिअस झालं. तापमापक वाला आंदेर्स सेल्सिअस त्या घरातला. स्कोने प्रांतातल्या एस्त्रा न्योब्बेलॉव गावचा पेत्रुस हा नोबेलिउस झाला, आणि पुढे त्याच्या वंशजाने शेवटचं ‘इउस’ गाळलं तेव्हा नोबेल उरलं. इंग्रजीतल्या ‘नोबल’शी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडचे ‘-कर’ तुम्हांला आठवले असतील. पण पेणकर म्हटलं की पेण लगेच दिसतं. इथे गाव लॅटिनच्या झुलीखाली इतकं झाकलं जातं की उकलावं लागतं.

तिलिआंडर उकलायला सोपं आहे. ‘तिलिया’ म्हणजे लॅटिनमध्ये लिंडनचं झाड, आणि ‘-आंडर’ हा ग्रीक ‘पुरुष’ या शब्दाचा तुकडा. लिंडन-पुरुष. अर्धं लॅटिन, अर्धं ग्रीक. व्याकरणाचे मास्तर नाक मुरडतील अशी जोडी, पण पाद्र्यांमध्ये ‘-आंडर’ची चलती होती. या झाडाला इंग्रजीत ‘लाइम ट्री’ही म्हणतात, आणि त्यावरून ‘लिनिअसचं आडनाव लिंबाच्या झाडावरून आलं’ असं मराठीत छापलेलं मी वाचलंय. लिंबाचा इथे सुतराम संबंध नाही. लिंडन हे बदामी आकाराच्या पानांचं, सुगंधी फुलांचं, मधमाश्यांचं लाडकं थंड प्रदेशातलं झाड. आपल्या सह्याद्रीत त्याची दूरची भावकी आहे : धामण. तिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द ‘तिलिइफोलिया’, म्हणजे तिलियासारख्या पानांची. फालसाही त्याच गोतातला.

आता ते झाड. दक्षिण स्वीडनच्या स्मोलँड प्रांतात वित्तारीद पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा गट) योन्सबोदा नावाची शेतवाडी होती आणि तिच्या आसपास एक प्रचंड लिंडन उभा होता. त्या एका झाडावरून एकाच गोतावळ्यातल्या शिकलेल्या माणसांनी तीन वेगवेगळी आडनावं घेतली. एका शाखेने झाडाचं स्वीडिश नाव ‘लिंड’ तसंच ठेवून लॅटिन शेपूट जोडलं : लिंडेलिउस. दुसरीने झाडाचं नावच लॅटिनमध्ये नेलं : तिलिआंडर. तिसरं नाव घेतलं निल्स इंगमार्सॉन नावाच्या मुलाने (१६७४–१७४८), लुंडला शिकायला जाताना : लिनेउस. आपण लिनिअस म्हणतो तेच. वनस्पतींना आणि प्राण्यांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रूढ करणारा कार्ल लिनिअस हा या निल्सचा मुलगा, जन्म १७०७. म्हणजे जगभरच्या झाडांना नावं देणाऱ्या माणसाचं स्वतःचं नावही झाडावरूनच आलेलं. हा योगायोग स्वीडिश लोक परदेशी पाहुण्यांना फार हौसेने ऐकवतात. तुम्हीही जेवणाच्या टेबलावर ऐकाल.

तुमच्या जावयांच्या घरच्या आख्यायिकेचा धागादोरा इथेच आहे, आणि तिची मर्यादाही. निल्सला शिकवायला ज्याने आपल्या घरी ठेवून घेतलं तो स्वेन तिलिआंडर, प्येत्तेरीद गावचा पाद्री. इंग्रजी पुस्तकांत तो ‘अंकल’ म्हणून येतो आणि घोळ तिथून सुरू होतो, कारण वाचणारा काका धरून चालतो. तो काका नव्हता, मामा होता. म्हणजे एखादं आजचं तिलिआंडर कुटुंब अगदी सरळ रेषेत या स्वेनपर्यंत पोचलं, तरी ते लिनिअसच्या वंशातलं ठरत नाही. ते त्याच्या वडिलांच्या आजोळचं ठरतं. आपल्याकडे हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून तुम्हांलाच सांगतो : जावयांना म्हणावं, तुम्ही लिनिअसचे वंशज नाही, फार तर त्याच्या वडिलांच्या मामाकडचे.

खुद्द लिनिअसचं नाव मात्र पुढे टिकलं नाही. राजाने त्याला १७६१ मध्ये उमरावपद दिलं (मागच्या तारखेने, १७५७ पासून), आणि तो कार्ल फॉन लिने झाला. त्याचा एकुलता वाचलेला मुलगा १७८३ मध्ये अविवाहित वारला आणि पुरुषवंश तिथे संपला. मुलींकडून रक्त पुढे गेलं, नाव गेलं नाही. या मृत्यूभोवती एक गोष्ट गुंफली गेली. योन्सबोदाच्या लिंडनला म्हणे तीन मोठे फाटे होते, आणि लिंडेलिउस, तिलिआंडर, लिनिअस ही घराणी जशी एकेक करून संपली तसा एकेक फाटा वाळत गेला.

गोष्ट सुरेख आहे, आणि म्हणूनच मला तिच्यावर भरवसा नाही. तिलिआंडर संपले असतील तर तुमचे जावई कुठून आले? इतकंच काय, ब्रूर तिलिआंडर नावाचे स्वीडिश मिशनरी विसाव्या शतकात दक्षिण भारतात होते. तमिळ प्रदेशातले ख्रिस्ती लोक देव, मोक्ष, प्रार्थना यांसाठी कोणते शब्द वापरतात आणि त्यांचं हिंदू परिभाषेशी नातं काय, यावरचा त्यांचा अभ्यासग्रंथ १९७४ मध्ये उप्सालाला छापला गेला. फाटा वाळला असेल, नाव वाळलं नाही. आता एक तर गोष्ट रचणाऱ्याला एखादी बाजूची शाखा ठाऊक नव्हती, किंवा मुलींकडून नाव पुढे गेलं, किंवा नंतर कुणीतरी वेगळ्याच वाटेने तेच नाव घेतलं. तिन्ही शक्य आहेत. जावयांच्या बाबतीत कोणतं, ते वहीच सांगेल.

किती जण, या प्रश्नाकडे येऊ. स्वीडनच्या सांख्यिकी कार्यालयाचा, म्हणजे एससीबीचा, नावशोध सगळ्यांना खुला आहे. नाव टाका, आकडा येतो. तो तुम्ही स्वतः बघा, कारण वर्षागणिक तो बदलतो आणि माझ्या उत्तरातला शिळा होईल. पण आकडा वाचायचा कसा, ते सांगतो. साधारण एक कोटी लोकवस्तीच्या या देशात आंदेर्सॉन आणि योहान्सॉन ही आडनावं प्रत्येकी दोन लाखांहून जास्त लोकांची आहेत. तिलिआंडर त्या मानाने चिमूटभर. या आकड्यात फक्त आज स्वीडनमध्ये राहणारे मोजले जातात. १८५० ते १९३० च्या दरम्यान बारा-तेरा लाख स्वीडिश अमेरिकेला गेले, त्यांची पतवंडं यात नाहीत. उलट, लग्न करून आलेल्या सुना आणि बायकोचं आडनाव घेतलेले नवरे यात आहेत. तेव्हा आकडा वंशाचा नाही, दारावरच्या पाट्यांचा समजा.

स्पेलिंगचा तिढा वेगळाच. तिलिआंडर, तिलांडर, तिल्लांडर हे तीन वेगळे शोध करा आणि बेरीज करू नका. जुन्या वहीत एकाच माणसाचं नाव एका पाद्र्याने एका तऱ्हेने आणि पुढच्याने दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं हमखास सापडतं, तेव्हा ही एकाच नावाची रूपं असू शकतात. पण तितक्याच सहज ती वेगळी नावंही असू शकतात. उप्लांड प्रांतात तिल्लिंगे नावाची पॅरिश आहे. तिथला एखादा विद्यार्थी तिल्लांडर झाला तर त्यात लिंडनचं पानही नाही. आणखी एक गंमत बघा. फिनलंडच्या राउमा गावचा एक वैद्य, एलिआस. शिकायला तुर्कूहून स्टॉकहोमला समुद्रमार्गे निघाला तर बोट लागून पार आडवा झाला. परत जाताना त्याने जहाजात पाय ठेवायचं नाकारलं आणि अख्ख्या बोथनियाच्या आखाताला वळसा घालून जमिनीवरून घरी गेला. मग त्याने आपलं नावच ‘तिल्लांड्स’ केलं : जमिनीवरून जाणारा. लिनिअसने पुढे त्याचं नाव एका वनस्पतीच्या प्रजातीला दिलं, कारण तिलाही ओलावा सोसत नाही अशी त्याची समजूत होती. मुंबई-पुण्यातल्या नर्सरींत ‘एअर प्लांट’ म्हणून मातीशिवाय टांगलेली जी रोपं मिळतात ती टिलँडसिया. तेव्हा ‘तिल’ने सुरू होणाऱ्या प्रत्येक नावामागे झाड शोधू नये. कधी मागे नुसती समुद्राची धास्ती असते.

माझी चूक ती सैनिकी आडनावाची. सोळाशे ऐंशीच्या दशकापासून स्वीडनमध्ये अशी पद्धत होती की काही शेतं मिळून एक सैनिक पोसायचा. त्याला खोपट आणि जमिनीचा तुकडा द्यायचा. कंपनीत चार आंदेर्स आंदेर्सॉन असले तर हुकूम कुणाला द्यायचा? म्हणून भरती करताना कप्तान प्रत्येकाला आखूड नाव द्यायचा : रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे धीट, ख्योल्द म्हणजे ढाल. मला एक हुर्टिग घराणं लावायचं होतं. हुर्टिग म्हणजे झटपट. एकाच खोपटात, एकामागोमाग, दोन हुर्टिग. पहिला मेला, दुसरा आला, वय बरोबर मुलाचं. मी बाप-लेक जोडून वंशावळ दिली. वर्षभराने सैन्याच्या हजेरीपटात दुसऱ्याचं जन्मगाव दिसलं, तीन पॅरिश पलीकडचं. नाव माणसाचं नव्हतंच, त्या खोपटाचं होतं. जो येईल त्याला लागायचं. गिऱ्हाइकाचे पैसे परत केले, आणि तेव्हापासून नावावर नाही, जन्मगावावर जोडतो.

पाद्र्यांच्या नावांत हा धोका कमी, पण आहे. १९०१ च्या आडनाव-नियमापर्यंत उमरावांची नावं सोडली तर कुणी कुठलंही नाव घेतलं तरी फारसं कुणी हटकत नसे. कारागिराचा शिकाऊ पोरगा उस्तादाचं नाव लावायला लागे, घरगडी शहरात जाऊन जुन्या मालकाचं. म्हणून १९०१ ही माझ्या लेखी एक रेघ आहे. तिच्यानंतर नाव घ्यायला परवानगी लागू लागली आणि दुर्मिळ नावं बंद पेटीत गेली. तिच्या आधी पेटी उघडीच होती.

आता वहीकडे. सुरुवात सर्वांत जुन्या खात्रीच्या माणसापासून करायची, घरच्या आख्यायिकेपासून नाही. जावयांच्या आजोबांची किंवा पणजोबांची जन्मतारीख आणि जन्मपॅरिश मिळवा. १ जुलै १९९१ पर्यंत लोकसंख्येची नोंद चर्चकडे होती, मग ती कर खात्याकडे, स्काटेवेरकेटकडे गेली. सत्तर वर्षांपेक्षा जुन्या चर्च-नोंदींची छायाचित्रं राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१८ पासून फुकट खुली केली आहेत. त्यातलं सोनं म्हणजे ‘हूसफरहर’ची वही. १६८६ च्या चर्च-कायद्याने पाद्र्याला घरोघरी जाऊन लोकांना वाचता येतं का आणि धर्मप्रश्नोत्तरं पाठ आहेत का हे तपासायला लावलं, आणि त्याची नोंद ठेवायला. परीक्षा धर्माची, फायदा आमचा.

एक पान उघडा. वर शेताचं नाव. खाली घरातली माणसं एकाखाली एक : घरधनी, मग ‘एच.’ म्हणजे बायको, ‘एस.’ मुलगा, ‘डी.’ मुलगी, शेवटी ‘ड्रेंग’ म्हणजे गडी आणि ‘पीगा’ म्हणजे मोलकरीण. पुढे जन्मसाल, जन्मपॅरिश, मग वाचन-पाठांतराच्या बारीक खुणा, आणि कडेला कुठून आला, कुठे गेला आणि कोणत्या वर्षी. मेलेल्या किंवा गाव सोडलेल्या माणसाच्या नावावर आडवी रेघ. नवख्याला ती रेघ बघून वाटतं चुकलं म्हणून खोडलंय. खरं तर पुढचा दुवा त्याच रेघेच्या टोकाला असतो. तो धरून पुढच्या पॅरिशच्या वहीत जायचं. असं पान पान मागे सरकत १७५० च्या आसपास पोचलात आणि घर स्मोलँडमध्येच राहिलं, तर आख्यायिकेत दम आहे असं म्हणू.

तिथून पुढे वेक्शो धर्मप्रांताचं ‘हेर्दामिन्ने’ बघायचं. त्यात प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्यांची, त्यांच्या बायकामुलांसकट, माहिती असते. पाद्र्याच्या मुलींचा शोध घेताना स्त्रीलिंगी रूपही तपासा. लिनिअसची आई क्रिस्तिना हिचे वडील ब्रोदेर्सोनिउस, ती मात्र ब्रोदेर्सोनिया. त्याच चालीवर तिलिआंडरची मुलगी तिलिआंद्रा लिहिलेली असू शकते, आणि यंत्राने शोधलं तर ती निसटते. बाप्तिस्म्याच्या नोंदीतले साक्षीदारही वाचा. नुसत्या गडी-मजुरांमध्ये वाढलेल्या बाळाला अचानक एक पाद्रीण साक्षीदार लाभली असेल तर तिथे नातं असण्याची शक्यता मोठी.

डीएनए चाचणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जावई विचारतील. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी दोन तिलिआंडर पुरुषांनी केली तर त्यांचा बापाकडचा मूळ पुरुष एक आहे का, याचा अंदाज येतो. लिनिअसशी नातं त्यातून सिद्ध होणार नाही. मामाकडचं नातं त्या चाचणीत दिसतच नाही.

नातवंडाचं आडनाव. १ जुलै २०१७ पासून स्वीडनमध्ये नवा नामकायदा आहे. आईचं, बापाचं, किंवा दोन्ही मिळून जोडआडनाव, मधे आडवी रेघ देऊन किंवा न देता, चालतं. बाळ जन्मल्यापासून तीन महिन्यांत स्काटेवेरकेटला कळवायचं. याच कायद्यात दोन हजारांची रेघ आहे : दोन हजार किंवा जास्त लोकांचं आडनाव कुणालाही अर्ज करून घेता येतं, त्याखालचं राखीव. तिलिआंडर राखीव आहे, आणि तुमच्या मुलीचं माहेरचं आडनाव आपल्याकडे कितीही घरोघरी असलं तरी स्वीडनच्या हिशोबात तेही बहुधा राखीवच निघेल. मुलीला हे सांगा, तिला मजा वाटेल. माझं मत विचाराल तर जोडआडनाव द्या, पण कोणतं आधी ते स्वीडिश माणसाकडून मोठ्याने उच्चारून घेऊन ठरवा. डॉक्टरच्या दारात हाक मारताना नर्स पहिल्या शब्दावर अडली की बाळाचं निम्मं नाव तिथेच गळतं.

पणजोबांचं जन्मगाव हाती आलं की त्या पानाचा फोटो पाठवा. जुनं वळण वाचायला सवय लागते. लागलं नाही तर मी वाचून देईन.